शून्य खर्चाचा किनारा

या, असे पुढे सरका. मागे बसलात तर टाळ ऐकू येतील, शब्द येणार नाहीत. कीर्तनाला उभे राहिलेले बुवा हजारो वर्षांपूर्वीचं युद्ध काल संध्याकाळी पाहून आल्यासारखं सांगतात आणि आपण माना डोलावतो. तेवढाच विश्वास आज माझ्यावर टाका. मी सांगणार ते अजून घडायचं आहे, सन २०४६मध्ये. पण सांगेन ते घडून गेल्यासारखंच. एका छोट्या बेटावरच्या देशाची, त्या देशाच्या सरकारी खर्चाची, एका शहाण्या यंत्राची आणि काळ्या दगडांची ही गोष्ट आहे. खर्च म्हटल्यावर उठू नका. देवाच्या दारीही तेलवातीचा खर्च असतोच.

सांत-ओरेल हे त्या देशाचं नाव. नकाशात शोधायला जाऊ नका. गोष्टीतला देश गोष्टीतच सापडतो. हिंदी महासागरात एकटं पडलेलं बेट, वस्ती पाच लाख. सकाळच्या चहानंतर बसने निघालात तर सगळं बेट फिरून दुपारच्या जेवणाला घरी. दीडशे वर्षांपूर्वी तिथल्या उसाच्या मळ्यांवर मालवणकडची माणसं बोटीत घालून नेली. उतरताना कारकुनाने नाव विचारलं. जो धाकू म्हणाला, त्याच्या पुढच्या सगळ्या पिढ्यांचं आडनाव धाकू झालं. या माणसांनी पूर्व किनाऱ्यावर गाव वसवलं आणि मागे राहिलेल्या गावाच्या आठवणीने त्याला धाकटं आचरं म्हणू लागले. विठोबाचं देऊळ बांधलं, वीणा आली, मृदंग आला, आणि दर रविवारी दुपारी चारला कीर्तन सुरू झालं. ते कधी थांबलं नाही.

त्या गावची इरावती धाकू राजधानीत अर्थमंत्रालयात होती. वय छत्तीस, लग्न केलेलं नाही, आणि त्याबद्दल तिच्या आत्याखेरीज कुणी काही बोलत नसे. तिच्या ताब्यात होतं प्रतिबेट.

प्रतिबेट म्हणजे गणितात उभं केलेलं दुसरं बेट. त्यातही पाच लाख माणसं होती. नावं नव्हती, पण वय, आजार, पगार, घर समुद्रापासून किती हातांवर, सगळं खऱ्यासारखं. साठ वर्षांत केंद्र सरकारने कुठे किती खर्च केला याची प्रत्येक ओळ त्यात घातली होती. उपग्रह दर सोमवारी किनाऱ्याची रेषा बोटभर अचूकतेने मोजून पाठवत. यंत्र मग एवढंच शोधत बसे : इथे पैसा पडला त्यानंतर काय बदललं, आणि अगदी अशाच दुसऱ्या जागी पैसा पडला नाही तिथे काय झालं? अशा लाखो जोड्या ताडून ते कारण आणि परिणाम यांमधला धागा पकडायचं. धागा हाती लागला की पुढची तीस वर्षं हजार तऱ्हांनी चालवून बघायचं, आणि हे सगळं एका दुपारी.

सहा वर्षांपूर्वी त्याने सांगितलं होतं, डोंगरातल्या तीन शाळांचं बसभाडं सरकारने भरा, तुरुंगाचा खर्च उतरेल. लोक हसले. खर्च उतरला. तेव्हापासून अर्थसंकल्प मांडण्याआधी प्रतिबेटाचा कौल घ्यायचा, असा कायदाच झाला.

कौल घ्यायची गरजही होती, कारण देशाच्या खर्चाचा कल चांगला नव्हता. वीस वर्षांपूर्वी सरकारच्या शंभर रुपयांतले चार किनाऱ्यावर जात. आता तेरा जात होते. समुद्र बारा सेंटिमीटर चढला होता. ऐकायला किरकोळ वाटतं. पण बाहेरचा प्रवाळाचा कठडा मरत चालला होता. पूर्वी मोठी लाट त्या कठड्यावर फुटून दमायची, आता ती ताजीतवानी किनाऱ्यापर्यंत यायची. आणि लाटेची उंची दुप्पट झाली की तिचा मार चौपट होतो. सिमेंटचे बांध एका वादळात खचत. निवृत्तिवेतनाला हात लावता येत नाही, कर्जाच्या व्याजाला तर नाहीच. मग कात्री लागे ती दवाखान्यांना. मूत्रपिंडं निकामी झालेले सातशे रोगी होते आणि त्यांचं रक्त शुद्ध करणारी यंत्रं साठ.

अशा दिवसांत, एका मंगळवारी सकाळी, अर्थसचिव एत्येन कादेल इरावतीच्या खोलीत आले. पन्नाशीचा क्रिओल माणूस, म्हणजे बेटावरच्या मिश्र वंशाचा, स्वभावाने सरळ. त्यांची थोरली बहीण आठवड्यातून तीनदा त्या साठांपैकी एका यंत्राला जोडलेली असायची.

"इरा, तुझ्या यंत्राने समुद्र फुकट केला," ते म्हणाले. "वाच."

तिने पडद्यावर कौल वाचला. उत्तर किनाऱ्यावरच्या सात गावांच्या बांधांची देखभाल बंद करावी. वाचलेल्या पैशातून रक्तशुद्धीची दोनशे यंत्रं घ्यावीत. खात्री एक्क्याण्णव टक्के. आणि खाली कारण : धाकटं आचरं. खडक तोच, लाट तीच. उपग्रहाची मापं आहेत त्या अडतीस वर्षांत देखभालीचा सरकारी खर्च शून्य, किनाऱ्याची झीज शून्य. या जातीचा किनारा स्वतःला सांभाळतो.

इरावती हसली. मग तिचं हसू विरलं.

"साहेब, तो किनारा स्वतःला सांभाळत नाही. माझी आत्या सांभाळते."

कादेल खुर्ची ओढून बसले. तिने सांगायला घेतलं.

धाकट्या आचऱ्यात कीर्तन संपून आरती झाली तरी लगेच प्रसाद मिळत नाही. देवळाच्या आवारात उसाच्या शेतांतून निघालेल्या काळ्या दगडांचा ढीग असतो. त्यातला दगड उचलायचा, बांधावर नेऊन घट्ट बसवायचा, हात धुवायचे, मग प्रसाद. लेकरं मुठीएवढा नेतात, जाणती माणसं टोपलीभर. दीडशे माणसं, वर्षाचे बावन्न रविवार. समुद्र आठवडाभर बांध पोखरतो, रविवारी तो पुन्हा भरून निघतो. याला दगडसेवा म्हणतात. तिची एकच अट आहे : तिची नोंद कुठेही करायची नाही.

"म्हणजे सरकारकडे काहीच नाही?"

"सरकारकडे शून्य आहे. ते शून्य खरंच आहे. सरकारने काही खर्च केला नाही."

कादेल खुर्चीतून उठले. "मला साक्ष आणून दे. नियम तूच लिहिलेत."

ते खरं होतं. उपग्रहाला बांधावरचे नवे दगड दिसत. पण लाटाही दगड आणून टाकतात. ते माणसाने ठेवले असं यंत्राने मानायचं तर त्या कामातल्या एका तरी माणसाने आपल्या नावाने तसं लिहून द्यायला हवं. प्रतिबेट चालवणाऱ्याची साक्ष बाद. इरावतीने सतरा वर्षांची होईपर्यंत टोपल्या वाहिल्या होत्या, पण त्याचा उपयोग नव्हता. अर्थसंकल्प बरोबर दोन आठवड्यांवर होता.

दारापाशी कादेल थांबले. "तुझ्या वडिलांचं निवृत्तिवेतन तूच बघतेस ना? त्यांच्या अंगठ्याचा संमतीचा ठसा तुझ्या फोनवर असेल. साक्षीलाही तोच चालतो."

"आहे."

"मी काही म्हटलेलं नाही."

"तुम्ही म्हटलंत, साहेब. मी ऐकलं नाही."

शुक्रवारी ती गावी गेली. ओसरीवर गोदावरी धाकू शेवगा मोडत बसली होती. ही तिची गोदाआते, वय एक्क्याऐंशी. नवरा गावातलाच, तो लवकर गेला आणि ती माहेरी परतली, तेव्हापासून देवळातला दगडांचा ढीग तिच्याच राज्यात. कुठला दगड पायाला, कुठला माथ्याला, हे ती हातात घेऊन सांगायची.

"राजधानीत जेवायला मिळत नाही की आरसा मिळत नाही?" गोदाआतेने विचारलं.

"दोन्ही मिळतं, आते. वेळ मिळत नाही."

"म्हणून नवराही मिळत नाही. बस. भान्या, तुझी मंत्रीण आली बघ."

भान्या म्हणजे भानुदासबुवा, इरावतीचे वडील. चौऱ्याहत्तर वर्षांचे. चाळीस वर्षं सरकारी बस चालवली आणि पन्नास वर्षं कीर्तन केलं. आवाज असा, की उभं राहून नुसतं 'रामकृष्ण हरी' म्हटलं तरी मागच्या रांगेतली माणसं गप्प व्हायची.

इरावतीने सगळं सांगितलं. बुवांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"नाही."

"एक नाव, बाबा. एकच."

"एक काय आणि दीडशे काय. तुला ठाऊक आहे का लिहीत नाहीत ते."

तिला ठाऊक होतं, गावातल्या प्रत्येक लेकराला असतं. मळ्यावर मुकादमाची वही असायची. एक दिवस कामावर नाही, तर दोन दिवसांची मजुरी कापायची. एका मोठ्या वादळात बांध फुटला. माणसांनी नऊ दिवस खपून तो उभा केला, त्यात मळाही वाचला. मुकादमाने ते नऊ दिवस वहीत गैरहजर म्हणून लिहिले आणि अठरा दिवसांची मजुरी कापली. त्या वर्षी दोन लेकरं भुकेने गेली. मग सगळ्यांनी विठोबापुढे हात ठेवून शपथ घेतली, की देवाचं आणि दर्याचं काम यापुढे कुणाच्या वहीत जाणार नाही. जो आपली सेवा लिहू देईल, त्याची सगळी सेवा फुकट. देव ती धरणार नाही.

"आतेने सात वर्षांची असल्यापासून दगड वाहिलेत," बुवा म्हणाले. "त्यावर पाणी सोडायला सांगतेस तिला? वही ज्याची, काम त्याचं होऊन जातं, इरा."

"आणि आंस-रूजचं काय? मादाम रोझलीनचं घर बांधापासून वीस पावलांवर आहे."

आंस-रूज हे त्या सात गावांतलं एक. मादाम रोझलीन तिथली मासळीवाली. बुवा बस चालवत तेव्हा पहाटेच्या पहिल्या फेरीला ती टोपली घेऊन चढायची. तीस वर्षं ती त्यांना एक सुरमई देऊ करत होती आणि तीस वर्षं ते हात जोडत होते.

बुवा उठून अंगणात दोन फेऱ्या मारून आले. चेहरा उजळला होता. "साधी गोष्ट आहे. त्यांचा बांध खचलाय, सरकार बघत नाही. मग आपण जाऊ. या रविवारी कीर्तन तिथे."

आणि गेले की. तीन बसगाड्या, दीडशे माणसं, एक ट्रक भरून दगड. आंस-रूजचा बांध मागच्या वादळात चाळीस हात खचला होता; दुरुस्ती अर्थसंकल्पापर्यंत थांबवलेली. चर्चच्या मागे बदामाच्या झाडांखाली बुवा उभे राहिले. क्रिओल मंडळींना शब्द कळत नव्हते, पण टाळ कळत होते. मादाम रोझलीनने गजराच्या वेळी असा ताल धरला की मृदंगवाला हसत हसत तिच्या मागे गेला. मग किनाऱ्यापर्यंत माणसांची साखळी झाली. इरावती त्या साखळीत गोदाआते आणि मादाम रोझलीन यांच्या मधोमध उभी होती. टोपली येई, टोपली जाई. त्या दुपारी ती अर्थमंत्रालयात नव्हतीच, कुठल्याच मंत्रालयात नव्हती. सूर्य मावळेपर्यंत खिंडार भरलं.

"तुझ्या यंत्राला सांग," बुवा परतताना म्हणाले, "झालं काम."

यंत्राला सांगावं लागलं नाही. सोमवारी उपग्रहाने रेषा मोजली आणि दुपारी कादेलसाहेबांनी इरावतीला बोलावून घेतलं. पडद्यावर लिहिलं होतं : उत्तर किनाऱ्यावरही किनारा आपोआप भरून येऊ लागल्याचं दिसतं. खर्च शून्य. खात्री सत्त्याण्णव टक्के.

कादेल म्हणाले, "आता मी नाही म्हटलं तरी मंत्री ऐकणार नाहीत. सत्त्याण्णवला कुणी नाही म्हणत नाही. काय केलंत तुम्ही?"

"चांगलं काम केलं, साहेब," इरावती म्हणाली. तीही त्या साखळीत होती. तिला कळायला हवं होतं.

बुधवारी ती पुन्हा गावी आली. बुवा वीणेच्या तारा लावत होते.

"बाबा, तुम्ही त्यांचा बांध भरला ना, त्यानेच त्यांचा बांध जाणार."

तिने समजावून दिलं. पुढच्या मंगळवारी खर्च बंद होईल. एका रविवारच्या कामाने एक पावसाळा निघेल. बाकीच्या सहा गावांत तर तेवढंही झालेलं नाही. सात गावांत रोज कोण दगड वाहणार? धाकट्या आचऱ्याची दीडशे माणसं? चार वर्षांत समुद्र मादाम रोझलीनच्या चुलीत असेल.

बुवांनी वीणा खाली ठेवली.

"तुझ्या फोनवर माझा ठसा आहे," ते म्हणाले. "दाब तो. मला विचारू नकोस. मला कळलं नाही असं मी धरीन."

"आणि मी?"

"तू काय?"

"तुम्हाला न विचारता तुमचं काम वहीत लिहिलं, तर माझ्यात आणि त्या मुकादमात फरक काय राहिला?"

बुवांना हे लागलं. "मग बुडू देत त्यांना, असं मी म्हणतोय का?"

"तुम्ही काहीच म्हणत नाही, बाबा. तेच तर."

ती न जेवता निघाली. गोदाआते फाटकापर्यंत आली, पदराखालून भाकरीचं पुडकं काढून तिच्या हातात दिलं. काही विचारलं नाही, टोमणाही मारला नाही. बसमध्ये बसल्यावर त्याचीच इरावतीला जास्त धास्ती वाटली. गुरुवारी, शुक्रवारी तिने दोनदा फोन काढला, ठशाचं पान उघडलं, बंद केलं. सात गावांत तीन हजार घरं होती. एका बाजूला ती घरं, दुसऱ्या बाजूला बापाने आयुष्यभर राखलेला शब्द. एका बोटाचं काम, आणि ते बोट तिचं.

रविवारी कीर्तन होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत साक्ष द्यायची मुदत. ती मागे खांबाला टेकून बसली. मादाम रोझलीनही आली होती, डोक्याला रुमाल बांधून, बायकांमध्ये मांडी घालून. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिला वाटत होतं, मागच्या रविवारी पाहुणे आले, तर या रविवारी आपण जावं.

बुवांनी पूर्वरंग नेहमीसारखा केला. निरूपण छान रंगलं. मध्यंतरात हार घातला, अष्टगंध लावलं, बुवा उत्तररंगाला उभे राहिले. कथा भक्त प्रल्हादाची ठरलेली. त्यांनी पहिला शब्द उच्चारला आणि थांबले. पेटीवाल्याने सूर धरून ठेवला. मागच्या माणसांना वाटलं, म्हाताऱ्याला पाणी हवंय.

"आज प्रल्हाद नाही," बुवा म्हणाले. "आज धाकूची कथा."

आणि मंडळी, काय ती कथा झाली. नऊ दिवसांचा बांध त्यांनी असा उभा केला की लाटेचा तुषार आमच्या तोंडावर यावा. मुकादमाची वही उघडली तेव्हा बायकांनी पदर तोंडाला लावले. दोन लेकरांची नावं त्यांनी गाऊन घेतली, फार हळू. मग चिपळ्या काखेत धरून ते नुसतंच बोलू लागले.

"तेव्हा लिहिलं म्हणून आपलं कापलं गेलं. आता आपण लिहीत नाही म्हणून दुसऱ्याचं कापलं जाणार आहे. ही बाई बसलीय, हिचं घर." त्यांनी मादाम रोझलीनकडे बोट केलं. ती गोंधळून हसली. "मी चार दिवस विठोबाला विचारतोय. आपण शपथ घेतली ती न लिहिण्याची, की कुणाच्या तोंडचा घास कापला जाऊ नये याची? मला वाटतं, धाकू आज इथे असता तर त्याने नाव दिलं असतं. दोष असेल तो एका डोक्यावर येऊ दे. इरा, ऊठ. माझं नाव लिही."

मग बायकांमधून आवाज आला.

"भान्या, खाली बस."

गोदाआते गुडघ्यावर हात ठेवून उठली होती.

"कुणाचं नाव लिहायचं म्हणालास? तू पोर असल्यापासून गातोयस, पन्नास वर्षं तर बुवा म्हणून. दगड कधी उचललास? गाणाऱ्याला दम लागेल, गळा बसेल म्हणून तुझ्या हातात कधी कुणी टोपली दिली नाही. गावाची रीतच आहे ती. आणि तू साक्ष देणार? विठोबाच्या समोर खोटी?"

आधी मृदंगवाला हसला, मग सगळं देऊळ. खांबाजवळ इरावतीने हातातला फोन बंद केला. चार दिवस जो ठसा ती दाबू की नको करत होती, तो अशा माणसाचा होता ज्याने बांधावर एक खडासुद्धा ठेवला नव्हता. लहानपणापासून डोळ्यांसमोर असलेली ही गोष्ट तिच्या कधी मनातच आली नव्हती.

"खरी साक्ष हवी ना? लिही, गोदावरी धाकू."

"ताई, तुझी सगळी सेवा—" बुवा म्हणाले.

"चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. मोजलीय मी, मनात. देव नाही धरणार तर न धरो. मी काय त्याच्या एकट्यासाठी वाहत होते? बांध उभा राहावा म्हणून वाहत होते." ती इरावतीकडे वळली. "विचार काय विचारायचं ते. गुडघे दुखतात."

इरावती पुढे आली. गाभाऱ्यासमोर उभं राहून तिने अर्जातले प्रश्न विचारले.

"दर रविवारी किती टोपल्या?"

"चार. गुडघे धरले तेव्हापासून दोन."

"मोबदला?"

"प्रसाद. शिऱ्याचा. पोरं करतात तेव्हा गोड कमी असतो."

"काम का केलं, असा रकाना आहे, आते."

"रिकामा ठेव."

तिने अंगठा दिला. आणि तो अंगठा पुसायच्या आत मागून कुणीतरी म्हणालं, माझंही लिही. मग रांग लागली. त्या दुपारी एकशे त्रेचाळीस माणसांनी आपापल्या पुण्यावर पाणी सोडलं आणि नंतर, नेहमीसारखेच, दगड घेऊन बांधावर गेले. मादाम रोझलीनला शेजारणीने क्रिओल बोलीत सगळं समजावलं तेव्हा तिने रुमाल सोडून डोळे पुसले, आणि गोदाआतेची टोपली स्वतः उचलली.

सोमवारी प्रतिबेटाने नवी माहिती घेतली. वर्षाला दीडशे टन दगड, माणसांच्या हातांनी. ते काढून टाकले तर धाकट्या आचऱ्याचा किनारा अडतीस वर्षांत एकतीस मीटर आत आला असता. सत्त्याण्णवचे अकरा टक्के झाले. कौल मागे घेतला गेला.

यंत्राने आणखी एक गोष्ट सांगितली, ती कुणी विचारली नव्हती. सिमेंटची भिंत लाटेला परत फेकते आणि ती परतणारी लाट भिंतीचाच पाया खोदते. सुट्या दगडांचा बांध लाटेला आत घेतो, फटीफटींतून दमवतो, थोडा हलतो आणि उभा राहतो. मात्र त्याला सारखी थोडी थोडी माया लागते. पाच वर्षांतून एकदा मोठा खर्च करण्यापेक्षा दर आठवड्याला थोडा करा. त्याच अर्थसंकल्पात सातही गावांत दर आठवड्याला दगड बसवणारे पगारी बांधकरी नेमले गेले. किनाऱ्याचा खर्च शंभरात तेरावरून दोन वर्षांत नऊवर आला. दोनशे नाहीत, पण रक्तशुद्धीची सत्तर यंत्रं आली. कादेलसाहेबांनी इरावतीला सांगितलं, बहिणीला आता पहाटे चारऐवजी सकाळी दहाची वेळ मिळते.

एवढ्यावर संपलं असतं. पण महिन्याभराने गावाला पत्र आलं. दगडसेवेची नोंद झाल्यावर यंत्राने तिची किंमत काढली होती आणि धाकट्या आचऱ्याच्या नावे वार्षिक मजुरी मंजूर केली होती. पुढच्या वर्षी खर्चाचा आढावा घेऊन ती कमी-जास्त होईल, असंही लिहिलं होतं.

बुवांनी पत्र इरावतीला वाचून दाखवलं. "आला बघ मुकादम. उशिरा आला, पण आला."

"मी पाठवलं नाही, बाबा."

"ठाऊक आहे. पण परत तूच पाठवायचंस."

ती राजधानीत परतली आणि तीन दिवस प्रतिबेटाच्या पोटात शिरून बसली. त्या यंत्रात दोन याद्या होत्या. एकीत सरकार वाढवू किंवा कमी करू शकतं त्या गोष्टी : पगार, पूल, औषधं, बांध. दुसरीत सरकारच्या हातात नसलेल्या, नुसत्या मान्य करायच्या गोष्टी. तिने दगडसेवा पहिल्या यादीतून उचलली आणि दुसरीत ठेवली. कादेलसाहेबांनी ते पान वाचलं. पाऊस. भरती-ओहोटी. वाऱ्याची दिशा. धाकट्या आचऱ्याची दगडसेवा.

"म्हणजे याला भाव नाही," ते म्हणाले.

"आणि म्हणून कात्रीही नाही. पण हे आहे. हे धरून पुढचं गणित करायचं."

त्यांनी सही केली. पत्र रद्द झालं. त्या देशाच्या खर्चाचा तक्ता आजही, म्हणजे त्या पुढच्या काळात, कुणी उघडून बघितला तर तळाशी ती एक ओळ दिसते. तिच्यापुढे वजन आहे, रुपये नाहीत.

गोदाआते त्यानंतर आठ महिने होती. शेवटच्या रविवारीही तिने दोन टोपल्या वाहिल्या आणि शिऱ्यात साखर कमी आहे म्हणून तक्रार केली.

आता उठा, पाय मोकळे करा, उशीर झाला असेल. पण उठण्याआधी एक मागणं आहे माझं. गोदावरी धाकू हे नाव मनात एकदा म्हणा. दीडशे वर्षांत कुणी दिलं नव्हतं ते नाव तिने दिलं, चौऱ्याहत्तर वर्षांचं पुण्य ओंजळीतून सोडून. आणि ज्या सात गावांसाठी दिलं, त्यांत तिचा एकही नातलग नव्हता. देवाने तिची सेवा धरली की नाही, ते आपल्याला कळायचं नाही. आपण तरी तिला धरून ठेवू. तिची आठवण ठेवा.